समाजमंदिराची किल्ली कोणाकडे?

हिवाळा लागला की आमच्या फाट्यावर सायकलवाले दिसू लागतात. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपूर, बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा असा विदर्भाच्या पोटातून जातो. त्यामुळे देश सायकलने पालथा घालायला निघालेला माणूस कधी ना कधी इकडच्या टपरीवर चहाला टेकतोच. बहुतेक जण सुट्टी काढून आलेले असतात, महिन्या-दीड महिन्यात परत जाऊन कामाला लागतात. पण अधूनमधून एखादा असा येतो की ज्याला परत जायला घरच नाही. खोली सोडली, सामान वाटून टाकलं, उरलं ते कॅरिअरला बांधलं आणि निघाला. असा माणूस दुःखी असायला हवा, अशी आपली समजूत. तो तर मजेत असतो.

टपरीवरच्या मंडळींना हे पचत नाही. 'घरी भांडन झालं असंन', 'बायको सोडून गेली असंन', 'कोनाचे तरी पैसे बुडवून आला असंन' असे अंदाज सुरू होतात. धड हातपाय असलेला माणूस आपल्या मर्जीने घर सोडेल आणि वर आनंदात राहील, ही शक्यता कोणी हिशेबातच धरत नाही. दुसरीकडे शहरातली शिकलेली पोरं त्याच माणसाचा व्हिडिओ काढतात, 'यालाच जगणं म्हणतात' असं खाली लिहितात आणि सोमवारी कामावर जातात.

घराशिवाय सायकलवर सुखी राहता येतं का, या प्रश्नावर माझं मत असं, की त्या सायकलवाल्याचं सुख खरं आहे. पण ते कशातून येतं हे टपरीवाल्यांनाही कळलेलं नाही आणि व्हिडिओवाल्यांनाही नाही. मोकळं आकाश, निसर्ग, स्वातंत्र्य असली कारणं सांगितली जातात. वैशाखात इकडे पारा पंचेचाळीसच्या वर चढला की मोकळं आकाश काय चीज आहे ते समजतं. पावसाळ्यात डांबरी सोडून पांदण रस्त्याला, म्हणजे शेतात जाणाऱ्या मातीच्या वाटेला, लागा. दहा पावलांत काळी माती मडगार्डात अशी ठासून बसते की चाक फिरायचंच थांबतं. मग तुराटी मोडून घ्यायची, माती उकरायची, आणखी दहा पावलं जायचं, पुन्हा उकरायची. इकडचे शेतकरी जुलैत मडगार्ड काढूनच ठेवतात ते उगाच नाही. शेवटी सायकलने माणसाला न्यायचं सोडून माणूसच सायकल खांद्यावर घेतो. निसर्गाने सुखी केलं म्हणणाऱ्याने ही पांदण एकदा पार करून दाखवावी.

कारण याहून फार साधं आहे. त्या माणसाला सकाळी पडलेले प्रश्न दिवस मावळायच्या आत सुटतात. पाणी कुठे मिळेल, ऊन चढल्यावर कोणत्या झाडाखाली थांबायचं, पंक्चर कोण काढेल, रात्री पाठ कुठे टेकायची. हे प्रश्न लहान नाहीत. न सुटले तर जीव जाईल. पण सुटतात, रोज सुटतात, आणि तेही अंगमेहनतीने. दमलेल्या अंगाला झोप लागते. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

याच्या शेजारी आमचा कापूसवाला उभा करा. जूनमध्ये कृषी केंद्रातून उधारीवर बियाणं आणायचं, बोंडअळी येते की नाही ते ऑक्टोबरात कळणार, भाव काय मिळणार ते कापूस घरात आल्यावर, आणि सातबारावरचा बोजा कधी उतरणार ते कोणालाच ठाऊक नाही. त्याचा एकही प्रश्न संध्याकाळपर्यंत सुटत नाही. तो सायकलवाल्यापेक्षा कमी राबतो म्हणून दुःखी आहे का? त्याच्या कष्टाला निकालच नाही, हे त्याचं दुखणं आहे. साधेपणाने सुख मिळतं असं सरसकट म्हणणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. शेतमजुराच्या घरात सामान सायकलवाल्याहून फारसं जास्त नसतं. तेवढ्याने तो सुखी होत नाही, कारण सामान कमी असलं तरी देणं कमी नसतं.

त्या देण्यात घराचा वाटा मोठा आहे, आणि हे कोणी मोठ्याने बोलत नाही. पंतप्रधान आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. तेवढ्या पैशात भिंती उभ्या राहतात. स्लॅबला पैसा लागतो तो बचत गटातून, फायनान्सवाल्यांकडून, नाहीतर सावकाराकडून. स्लॅब हवाच, कारण सोयरीक घेऊन आलेला माणूस चहा प्यायच्या आधी मान वर करून छताकडे बघतो. टिनाचं घर, कोरडवाहू शेती आणि नोकरी नाही म्हटल्यावर पोराचं लग्न ठरत नाही. म्हणजे घर बांधायचं ते लग्नासाठी, कर्ज काढायचं ते घरासाठी आणि पुढची दहा वर्षं हप्ते भरायचे ते अब्रूसाठी. याच मुलखात सेवाग्रामला गांधीजींनी आपली झोपडी शंभर रुपयांच्या वर जाऊ द्यायची नाही अशी अट घातली होती. शाळेची पोरं दरवर्षी सहलीला जाऊन ती बघून येतात आणि घरी आल्यावर बापाला टाइल्स कधी बसवणार ते विचारतात.

तरीही घरं सोडा आणि सायकलवर बसा, असं मी कोणाला सांगणार नाही. ज्याला म्हातारे आई-बाप आहेत, शाळेतली पोरं आहेत, त्याला असलं काही सांगणं निव्वळ चावटपणा होईल. आमच्याकडे घर सोडून निघालेल्यांची थोर परंपरा आहे, पण तिची मागची बाजूही बघावी. अमरावती जिल्ह्यातले डेबूजी झिंगराजी जाणोरकर १९०५ साली घरातून निघाले, अंगावर चिंध्या, हातात खापराचं गाडगं आणि खराटा घेऊन महाराष्ट्रभर फिरले आणि गाडगेबाबा झाले. २० डिसेंबर १९५६ ला गेले तेही वाटेतच, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी. त्यांच्या त्यागावर आपण भरभरून बोलतो. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी कुंताबाईंनी पोरं कशी वाढवली असतील यावर मात्र कोणी कीर्तन करत नाही. पुरुष निघाला की संत, फकीर, अवलिया. बाई निघाली की तिच्या चारित्र्याची चौकशी. आजही सायकलवरून एकटी मुलगी गावात आली तर पहिला प्रश्न येतो, 'संगं कोनी नाही का, बाई?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण रात्र काढायची म्हणजे कडी लागणारी खोली हवी, कडी लागणारा संडास हवा, हे ती मुलगी पहिल्या दिवशीच शिकते. पुरुष मारुतीच्या पारावर अंग टाकून देतो.

गाडगेबाबांची एक गोष्ट या सगळ्या विषयाची किल्ली आहे असं मला वाटतं. ज्या माणसाने स्वतःचं घर सोडलं, त्याने आयुष्यभर लोकांच्या पैशातून बांधलं काय, तर धर्मशाळा. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे यात्रेकरूंसाठी, आणि मुंबईत इलाजाला आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी. देवळं नाही बांधली. उघड्यावर रात्री काढलेल्या माणसाला वाटसरूची गरज काय असते ते नेमकं माहीत होतं: डोक्यावर छप्पर, पाणी, चूल पेटवायला जागा आणि सकाळपर्यंत कोणी उठवणार नाही याची खात्री.

सायकलवाल्याच्या सुखाचा पायाही हाच आहे. तो समाजाला सोडून गेलेला नसतो. आपल्यापेक्षा तो समाजावर जास्तच अवलंबून असतो. आपल्याला नळ आहे, त्याला गावची हापशी. आपल्याला खोली आहे, त्याला शाळेचा व्हरांडा. विनोबा १९५१ पासून तेरा वर्षं भूदानासाठी पायी हिंडले, तेव्हा दर रात्री कुठल्या ना कुठल्या गावाने त्यांना उतरवून घेतलं म्हणून हिंडले. रिद्धपूरच्या महानुभावांच्या आचारात अटन, म्हणजे फिरत राहणं, आहे आणि भिक्षाही आहे. भिक्षा वाढणारी घरं नसती तर अटन चार दिवसांत आटोपलं असतं. जर्मनीचा हाइन्झ श्टुके १९६२ साली सायकलवर निघाला, पन्नास वर्षांत सहा लाखांहून जास्त किलोमीटर फिरला, आपल्या प्रवासाची छोटी पुस्तिका विकून पोट भरत राहिला. ती विकत घेणारे लोक घरादाराचेच होते. घर नसलेल्याचं सुख घर असलेल्यांच्या ओट्यावर उभं असतं, आणि म्हणून तो त्याचा खाजगी मामला उरत नाही.

मागच्या एका हिवाळ्यात आलेला माणूस आठवतो. पन्नाशीचा, तमिळनाडूतला, लेथवर काम केलेला. घराचा हिस्सा भावाला देऊन आलेला पैसा बँकेत टाकला होता, त्याच्या व्याजावर चालायचं. हे त्याने लपवलं नाही, आणि मलाही ते लपवायचं कारण नाही. रिकाम्या खिशाने असं सुख मिळतं अशी थाप मारण्यात अर्थ नाही. मोडक्या हिंदीत त्याने हापशी विचारली, आंघोळ केली आणि पारावर लुंगी पसरून त्यावर सगळा संसार मांडला: मच्छरदाणी, स्टीलचा डबा, दोन ट्यूब, सोल्युशनची नळी, घासपेपर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार कार्ड, दोन शर्ट. बाकी काही नाही. शाळा सुटल्यावर पोरी जमल्या. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या त्यांच्या सायकली. कोणाची चैन उतरलेली, कोणाची रिंग वाकडी. गावात सायकलचं दुकान बंद होऊन काळ लोटला, मोटारसायकलवाले मिस्त्री सायकलला हात लावत नाहीत. या बाबाने सायकल उलटी केली, चाक फिरवलं, ब्रेकच्या रबराला रिंग कुठे घासते तेवढं कान लावून ऐकलं आणि तिथल्या तारा पाव-पाव आटा आवळत गेला. एक बाजू आवळायची, समोरची सैल सोडायची. चाक सरळ फिरू लागलं तसं पोरींनी रांग लावली. रात्री चार घरून भाकरी आली, वांग्याची भाजी आली, कोणी ठेचा आणला. लाकडं फोडून दिल्याशिवाय भाकर न घेणाऱ्या गाडगेबाबांच्या मुलखात हा व्यवहार कोणाला शिकवावा लागला नाही.

झोपायची वेळ आली तेव्हा मात्र गावाची पंचाईत झाली. देवळाच्या सभामंडपाला दानपेटी फुटल्यापासून लोखंडी ग्रील आहे, कुलूप विश्वस्तांकडे. शाळेला कंपाउंड झालं, गेटला कुलूप. समाजमंदिर ऐसपैस, पंखा-दिव्याचं, पण त्यात मंडप-डेकोरेशनच्या खुर्च्या आणि गाद्या भरलेल्या. ग्रामपंचायतीचं सार्वजनिक शौचालय उद्घाटनाचा फोटो निघाल्यापासून बंद. सगळी कुलपं गावाच्या पैशाची आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणी सांगेना. माणूस बस थांब्याच्या शेडमध्ये झोपला. तो म्हणाला, हेही चांगलं आहे. तो म्हणणारच.

आता याच बस थांब्यात दुसऱ्या रात्री फासेपारध्याचं कुटुंब झोपलं असतं तर? सायकलवाल्याकडेही घर नाही, पारध्याकडेही नाही. एकाबरोबर सेल्फी निघते, दुसऱ्यासाठी पोलीस पाटलाला फोन जातो. आमच्या भागात कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जाते. इंग्रजांनी १८७१ साली जमातीच्या जमाती कायद्याने गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून पुसला गेला. गावाच्या डोक्यातून तो पुसायला कोणी गॅझेट काढलं नाही. कच्छचे रबारी मेंढ्या-उंट घेऊन पिढ्यान्‌पिढ्या विदर्भात येतात, शेतात कळप बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं. २०२२ च्या जानेवारीत अमरावती जिल्ह्यात त्यांचे ५८ उंट अडवले गेले आणि आपलेच उंट परत मिळवायला त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. त्याआधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणं हाच त्यांचा गुन्हा. त्या पाच जणांकडे हेल्मेट, चकचकीत सायकल आणि पाठीवर बॅग असती तर लोकांनी त्यांना चहा पाजला असता, यात मला शंका नाही.

म्हणून 'घराशिवाय सायकलवर सुखी राहता येतं का' हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. राहता येतं. कोणाला राहू दिलं जातं, ते विचारा.

कायदा काय म्हणतो तेही बघा. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. उपजीविकेचं दिसण्यासारखं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा, भिकेवर जगत असावा असं वाटणारा माणूसही त्याच्या व्याख्येत बसतो, आणि पहिल्या खेपेलाच एक ते तीन वर्षं संस्थेत डांबायची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्यातल्या बहुतेक तरतुदी रद्द केल्या. आपल्याकडे कोणाला घाई नाही. मतदार यादीचं घ्या. बेघर माणसाला नाव नोंदवता येतं, ही चांगली गोष्ट. त्यासाठी त्याने सांगितलेल्या जागी तो खरंच झोपतो का ते बघायला बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री जायचं, तेही एकाहून जास्त रात्री. म्हणजे बेघर असलात तरी एका जागचे बेघर असा. राज्यघटनेचं कलम १९ देशभर फिरण्याचा हक्क देतं, आणि कागदपत्रं मात्र फिरणाऱ्याला ओळखत नाहीत. रेशन आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यात उचलता येतं. तिथे सरकारला जमलं. बाकी ठिकाणी न जमण्यासारखं काय आहे?

गावाची भीती खोटी आहे, असं मी म्हणत नाही. मोटारपंप चोरीला जातात, रात्रीतून केबल कापून नेतात, बैल सुटतात. अनोळखी माणूस दिसला की धास्ती वाटते. पण धास्तीवरचा इलाज नोंद हा आहे. कुलपाने काय साधलं? चोर थांबला नाही, वाटसरू थांबायचा बंद झाला. शिवाय केबल कापणाऱ्याला तुमची केबल कुठून कुठे गेली ते ठाऊक असतं, तो कन्याकुमारीहून सायकल मारत येत नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने, निदान हायवेवरच्या आणि बाजाराच्या गावांनी, समाजमंदिरातली एक खोली वाटसरूसाठी मोकळी ठेवावी. आतून लागणारी कडी, एक दिवा, बाहेर नळ, शौचालय उघडं. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला असतो, तेव्हा पैशाचं कारण सांगू नये. एक रजिस्टर: नाव, कुठून आला, कुठे चालला. आधार असेल तर नंबर लिहावा, नसेल तर हाकलू नये. तीन रात्री कोणालाही, याहून जास्त विचारपूस न करता. कोणालाही म्हणजे हेल्मेटवाल्याला, सायकलच्या स्टँडवर बसून पायडल मारत चाकू-कात्रीला धार लावणाऱ्याला, बहुरूप्याला, पारध्याला, आणि होळीनंतर मेळघाटातून कामाच्या शोधात निघालेल्या कोरकू कुटुंबालाही. निवडून निवडून द्यायचं असेल तर ती खोली राहिली काय नि न राहिली काय; ओळखीच्यांना उतरवून घ्यायला आपली घरं आहेतच.

खोली घाण झाली तर कोण झाडणार, हा आक्षेप हमखास येईल. ज्या जिल्ह्यांत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियानाची बक्षिसं वाटली जातात, तिथे हा प्रश्न विचारायची लाज वाटायला हवी; तरी उत्तर देतो. वापरणारा झाडेल. झाडू कोपऱ्यात ठेवा. रस्त्यावर राहणारा माणूस जागा कशी सोडून जातो ते मी बघितलं आहे, आणि लग्नाची वरात समाजमंदिर कशी सोडून जाते तेही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी हा विषय मी लेखी दिला आहे. सचिवांनी अर्ज घेतला, पोच दिली. विरोध कुठून येणार तेही सांगून ठेवतो. पारध्यांचं नाव पुढे करून येईल, पण करणारे असतील ते मंडपवाले, ज्यांच्या खुर्च्या फुकटात आत ठेवलेल्या आहेत.